युद्ध नसतानाचे आरमार : मुंबई बंदरातील नौसैनिकांची भरती, शिक्षण आणि निर्वाह

आरमाराचा इतिहास बहुधा लढायांचा इतिहास म्हणून लिहिला जातो; परंतु कोणत्याही आरमाराच्या आयुष्यातील बहुतेक वर्षे लढाईविना जातात, आणि लढाईच्या दिवशी तोफेपाशी उभा राहणारा माणूस त्याच वर्षांत निवडला, शिकवला आणि टिकवला गेलेला असतो. जहाज बांधण्यास दोन-तीन वर्षे पुरतात, मात्र ते चालवणारा आणि त्यावरील यंत्रे व शस्त्रे हाताळणारा कसबी नाविक तयार होण्यास त्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणून समुद्रावर सत्ता राखू पाहणाऱ्या प्रत्येक राज्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली. युद्ध नसताना या माणसांचा निर्वाह कोणी आणि कसा करावा, हा पहिला प्रश्न. आणि त्यांना त्यांचे काम कोणी शिकवावे, हा दुसरा. मुंबई आणि तिच्या दक्षिणेकडील कोकण किनारा यांच्या इतिहासात या दोन प्रश्नांना गेल्या साडेतीनशे वर्षांत निरनिराळी उत्तरे मिळाली. समुद्रावर वाढलेल्या माणसाची जागा हळूहळू शाळेत घडवलेल्या माणसाने घेतली, आणि या दुसऱ्या माणसाच्या अपेक्षा ओळखण्यात राज्यकर्ते कमी पडले तेव्हा काय घडते, हेही याच बंदराने १९४६ मध्ये पाहिले.

शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आरमार उभारले, तेव्हा खलाशी घडवण्यासाठी वेगळी व्यवस्था करण्याची आवश्यकता नव्हती, कारण किनाऱ्यावरील कोळी, भंडारी आणि दर्यावर्दी मुसलमान कुटुंबांत वारा, भरती-ओहोटी, खडक आणि खाड्या यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे आपोआप जात होते. मायनाक भंडारी आणि दौलतखान हे या आरमाराचे दोन प्रसिद्ध सरदार अशाच मिश्र समाजाचे प्रतिनिधी होत. अडचण होती ती जहाजबांधणी आणि तोफखाना यांसारख्या कसबांची. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे नावा बांधण्यासाठी कामावर घेतलेले पोर्तुगीज कारागीर त्यांच्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून काम सोडून गेले. ज्या कसबासाठी परक्यावर अवलंबून राहावे लागते ते ऐन वेळी हातातून निसटू शकते, हा अनुभव मराठी आरमाराला अशा रीतीने अगदी आरंभीच आला.

या आरमाराच्या शांतताकालीन व्यवस्थेचा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘आज्ञापत्रा’त आढळतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या या राजनीतीविषयक ग्रंथात आरमाराला राज्याच्या स्वतंत्र अंगाचे स्थान दिलेले असून, प्रत्येक आरमारी सुभ्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत, असे प्रमाण सांगितले आहे. गुराब म्हणजे तोफा वाहणारे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे मोठे जहाज, आणि गलबत म्हणजे शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे हलके व चपळ जहाज. या प्रमाणापेक्षाही महत्त्वाची आहे ती वेतनाविषयीची शिकवण. आरमाराच्या खर्चाची नेमणूक बंदराच्या उत्पन्नावर न करता मुलखाच्या निश्चित महसुलावर करावी, असे या ग्रंथाचे सांगणे आहे; कारण पोट भरण्यासाठी आरमार बंदराच्या मिळकतीवर अवलंबून राहिले, तर ते व्यापाऱ्यांना उपद्रव देते आणि अखेरीस बंदरच ओसाड पडते. ज्या सैनिकाला शांततेत नियमित वेतन मिळत नाही तो आपल्याच राज्यातील रयतेला जड होतो, ही गोष्ट येथे नेमकी ओळखली आहे.

कोकण किनाऱ्यावर शांततेचा एक काळ दरवर्षी निसर्गच लादत असे. मृगाच्या सुमारास समुद्र खवळला की नावा किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात, आणि श्रावणात नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटल्या जात. पावसाळ्यातील या मुक्कामाला छावणी म्हणत. ही छावणी दरवर्षी एकाच बंदरात न करता निरनिराळ्या बंदरांत करावी, असे ‘आज्ञापत्र’ सांगते, कारण रिकामे बसलेले दर्यावर्दी कितीही शिस्तीचे असले तरी त्यांचा भार आसपासच्या गावांवर पडतोच. या तीन-चार महिन्यांत बहुतेक खलाशी शेतीच्या कामाला लागत आणि कारागीर डागडुजीत गुंतत. कान्होजी आंग्रे यांच्या काळात हीच पद्धत अधिक बळकट झाली. कुलाबा, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग येथील आरमाराला माणसांचा पुरवठा किनाऱ्यावरील गावेच करीत राहिली. एका ऋतूत नांगर धरणारा आणि दुसऱ्या ऋतूत सुकाणू धरणारा हा माणूस राज्याला स्वस्त पडे, आणि त्याचे शिक्षण त्याच्या घरातच झालेले असे. तथापि त्याचे ज्ञान किनाऱ्याच्या नौकानयनापुरते मर्यादित राही आणि आरमारी तोफखान्याचे पद्धतशीर शिक्षण या व्यवस्थेतून उभे राहू शकले नाही.

याच किनाऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीची सागरी सेवा वाढत होती. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळी येथे आलेल्या कंपनीच्या लहानशा तांड्यापासून या सेवेचा आरंभ मानला जातो; पुढे तिचे मुख्य ठाणे मुंबईत आले आणि ‘बॉम्बे मरीन’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. कंपनीच्या या जहाजांवर अधिकारी युरोपीय असत, तोफांवर बहुधा युरोपीय खलाशी असत, आणि शिडे-दोर, नांगर व होड्या यांचे काम पुष्कळसे देशी लष्करांकडे, म्हणजे हिंदी खलाशांकडे असे. या खलाशांची भरती सारंगामार्फत होई. सारंग हा देशी खलाशांचा मुख्य. त्याच्या हाताखाली टोळीप्रमुख तांडेल, आणि सुकाणू सांभाळणारा सुकाणी. जहाजाचा कप्तान एकेका खलाशाला ओळखत नसे, तो सारंगाला ओळखे. आणि सारंग आपल्या गावातील किंवा नात्यागोत्यातील माणसे घेऊन येई, त्यांना उचल देई, त्यांच्यावर वचक ठेवी आणि त्यांच्या वेतनातून आपला वाटा काढून घेई. लढाऊ शिपायांची उणीव भरून काढण्यासाठी मुंबई सरकारने १७७७ मध्ये ‘मरीन बटालियन’ नावाची देशी पायदळाची स्वतंत्र पलटण उभारली, आणि तिच्या तुकड्या जहाजांवर पाठवल्या जाऊ लागल्या.

सारंगाची ही पद्धत राज्याच्या दृष्टीने सोयीची होती. काम असेल तेव्हा माणसे मिळत आणि काम संपले की ती गावी परतत. त्यांच्या निवृत्तिवेतनाचा किंवा शिक्षणाचा भार कोणावर पडत नसे. मात्र त्या सोयीची किंमतही होती, कारण सारंगाचा मिंधा असलेला खलाशी जहाजाशी किंवा सेवेशी बांधलेला नसे, आणि त्याने अंगी आणलेले कौशल्य सफर संपताच सेवेबाहेर जाई. हीच पद्धत व्यापारी जहाजांवर तर विसाव्या शतकापर्यंत टिकली. नोकरी मिळवण्यासाठी खलाशाला द्यावी लागणारी लाच आणि त्यापायी होणारे कर्ज यांची नोंद १९३१ मध्ये हिंदुस्थानातील कामगारांविषयीच्या शाही आयोगाने घेतली.

कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत शांततेचा उपयोग अधिक चांगला झाला. १८३० मध्ये बॉम्बे मरीनचे नाव ‘इंडियन नेव्ही’ असे झाले, आणि त्याच वर्षी मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला पोहोचली. त्यापुढील काळात तांबडा समुद्र, इराणचे आखात आणि अरबस्तानचा किनारा यांची पाहणी करून नकाशे तयार करण्याचे मोठे काम याच सेवेतील मोर्सबी, एल्वन आणि हेन्स यांसारख्या अधिकाऱ्यांनी पार पाडले. पाण्याची खोली मोजणे, खडकांच्या जागा ठरवणे आणि ताऱ्यांवरून स्थान काढणे हे काम युद्धाचे नव्हते, तरी त्यातून घडलेला अधिकारी त्या समुद्रातील युद्धास सर्वांत योग्य ठरे. शांततेतील उपयुक्त काम हीच शाळा व्हावी, ही कल्पना येथे प्रत्यक्षात उतरली, परंतु तिचा लाभ अधिकाऱ्यांनाच मिळाला आणि देशी खलाशी सारंगाच्या हाताखालीच राहिला.

याच सुमारास इंग्लंडमध्ये खलाशाचे स्थान मुळापासून बदलत होते, आणि पुढे मुंबईत जे घडले ते समजण्यासाठी तो बदल ध्यानात घ्यावा लागतो. नेपोलियनविरुद्धच्या युद्धाच्या अखेरीस ब्रिटिश शाही नौदलात सुमारे १,४०,००० माणसे होती. शांतता होताच ती संख्या दोन-तीन वर्षांत १९,००० च्या आसपास आली. जहाज एका मोहिमेसाठी सज्ज होई तेव्हा खलाशी नोंदवले जात, आणि तीन-चार वर्षांनी जहाज परतले की सर्वांचा हिशेब चुकता करून त्यांना सोडून दिले जाई. युद्ध पेटले की बंदरांतून माणसे सक्तीने पकडून आणली जात. जोवर लढाऊ जहाजाचे बरेचसे काम व्यापारी जहाजासारखेच होते, तोवर हे निभावले. परंतु तोफा अधिक अचूक आणि गुंतागुंतीच्या झाल्या, त्यापाठोपाठ वाफेची यंत्रे आली, आणि हे काम रस्त्यावरून पकडून आणलेल्या माणसाला जमण्यासारखे उरले नाही. १८३० मध्ये पोर्ट्समथ बंदरात ‘एक्सलंट’ या जहाजावर तोफखान्याची शाळा सुरू झाली, आणि तेथे शिकलेल्या गोलंदाजांना टिकवण्यासाठी पाच किंवा सात वर्षांचे करार आणि वाढीव वेतन देण्यात येऊ लागले. १८५३ मध्ये सलग सेवेची पद्धत आली. तिच्यानुसार मुलगा म्हणून दाखल झालेला खलाशी अठराव्या वर्षापासून दहा वर्षांच्या सेवेचा करार करी, आणि करार वाढवून पुरेशी सेवा केल्यास त्याला निवृत्तिवेतन मिळे. पुढल्याच वर्षी ‘इलस्ट्रियस’ हे जहाज मुलांच्या शिक्षणासाठी राखले गेले, १८५७ मध्ये खलाशांना प्रथमच ठरावीक गणवेश मिळाला, आणि १८५९ च्या कायद्याने व्यापारी खलाशांतून राखीव दल उभे राहिले. करार, शाळा, गणवेश, निवृत्तिवेतन आणि राखीव दल या पाच गोष्टींनी मिळून अवघ्या काही वर्षांत हंगामी मजुराचे पेशेवर नौसैनिकात रूपांतर केले.

मुंबईत मात्र नेमक्या याच काळात उलट घडले. १८५७ नंतर राज्यकारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला, हिंदुस्थानच्या सागरी संरक्षणाची जबाबदारी शाही नौदलाने घ्यावी असे ठरले, आणि १८६३ मध्ये इंडियन नेव्ही मोडण्यात आली. उरलेल्या बिनलढाऊ सेवेला पुन्हा ‘बॉम्बे मरीन’ म्हटले गेले, १८७७ मध्ये तिची मुंबई आणि कलकत्ता अशा दोन विभागांत पुनर्रचना झाली, आणि १८९२ मध्ये तिला ‘रॉयल इंडियन मरीन’ हे नाव मिळाले. सैन्य आणि कैदी वाहून नेणे, दीपगृहांना रसद पुरवणे, किनाऱ्याची पाहणी करणे, नद्यांतून आगबोटी चालवणे अशी तिची कामे होती. १८८७ च्या कायद्याने तिच्या शिस्तीचे नियम ठरवले. तरी लढाऊ शिक्षणाची गरजच न मानल्यामुळे खलाशांसाठी शाळा उभी राहिली नाही. अशा रीतीने ज्या साठ वर्षांत जगभरची आरमारे तोफखाना, पाणतीर आणि बिनतारी संदेश यांच्या शाळा काढीत होती, त्या साठ वर्षांत हिंदुस्थानी खलाशाला वाहतुकीच्या कामावर ठेवले गेले, आणि या रिकाम्या काळाची भरपाई पुढे घाईने करावी लागली.

या सेवेतील डेकवरचे खलाशी मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून येत, आणि त्यांत कोकणी मुसलमानांचे प्रमाण मोठे होते. जमीन थोडी व खडकाळ, पाऊस पुष्कळ आणि रोजगार नाही, अशा या पट्ट्यातील तरुणाला मुंबईची गिरणी, गोदी किंवा बोट यांपैकी काहीतरी धरावेच लागे. दाभोळ, जयगड, बाणकोट या बंदरांच्या आसपासच्या गावांत कित्येक कुटुंबांतील पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेल्या, आणि बोटीवरून येणाऱ्या मनिऑर्डरीवर घर चालणे ही तेथील साधी गोष्ट झाली. हा खलाशी समुद्राला सरावलेला, काटक आणि सारंगाच्या शब्दाला मानणारा असे. परंतु त्यातील बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसे, आणि सरकारलाही तोपर्यंत त्याची आवश्यकता वाटली नव्हती. जहाजावरील खानसाम्याची आणि वाढप्याची कामे पुष्कळदा गोव्यातील ख्रिश्चनांकडे असत. सफाईच्या कामासाठी ‘टोपास’ नावाचा वेगळा वर्ग होता, आणि स्वयंपाक्याला ‘भंडारी’ म्हणत. समाजातील जातिभेदाची उतरंड अशी जहाजाच्या नोंदवहीत उतरली होती, आणि एका वर्गात दाखल झालेल्याला दुसऱ्या वर्गात जाणे कठीण होते.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानसाठी पुन्हा लढाऊ नौदल असावे, असा विचार जोर धरू लागला. सरसेनापती लॉर्ड रॉलिन्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२५ मध्ये रॉयल इंडियन मरीनचे लढाऊ दलात रूपांतर करण्याची शिफारस केली. १९२८ मध्ये त्यासाठी आणलेला कायदा केंद्रीय विधिमंडळात अत्यल्प मतांनी फेटाळला गेला, कारण हिंदी करदात्यांच्या पैशाने चालणारे नौदल कोठे वापरावे हे ठरवण्याचा अधिकार हिंदी प्रतिनिधींना नव्हता आणि त्यात हिंदी अधिकाऱ्यांना जवळजवळ स्थान नव्हते. अखेर १९३४ मध्ये शिस्तीचा कायदा मंजूर झाला आणि त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला मुंबईत ‘रॉयल इंडियन नेव्ही’ची स्थापना झाली.

या स्थित्यंतरात खलाशाचे शिक्षण प्रथमच राज्याचे कर्तव्य ठरले. मुंबईच्या गोदीत उभे असलेले ‘डलहौसी’ हे जुने सैन्यवाहू जहाज नव्याने भरती झालेल्या मुलांसाठी आगार आणि शाळा म्हणून वापरले जाऊ लागले. कवायत, पोहणे, होडी वल्हवणे, दोराच्या गाठी, ध्वजांनी व बाहूंच्या खुणांनी संदेश देणे, तोफेवरची कामे आणि त्यांच्या जोडीला लिहिणे-वाचणे व अंकगणित असा हा अभ्यासक्रम होता. आज्ञा, उपकरणांवरील पाट्या आणि शिक्षणाची पुस्तके इंग्रजीत असल्यामुळे इंग्रजी येणे हीच पुढल्या पायरीची किल्ली ठरू लागली. पायऱ्या ठरलेल्या होत्या : मुलगा नाविक, मग साधा नाविक, मग कसबी नाविक, त्यानंतर टोळीचा नेता म्हणजे ‘लीडिंग सीमन’, आणि पुढे पेटी ऑफिसर व चीफ पेटी ऑफिसर. प्रत्येक पायरीवर परीक्षा असे. खलाशाची बढती सारंगाच्या मर्जीऐवजी परीक्षेवर अवलंबून राहू लागली, आणि त्याबरोबर सारंगाची सत्ताही संपुष्टात आली.

सारंग गेल्यावर खलाशाची काळजी वाहणारा कोणी तरी लागतोच, आणि त्यासाठी ब्रिटिश नौदलातून ‘डिव्हिजन’ची पद्धत घेण्यात आली. अठराव्या शतकात रूढ झालेल्या या पद्धतीत जहाजावरील माणसांच्या तुकड्या पाडून प्रत्येक तुकडी एका अधिकाऱ्याकडे सोपवली जाते. त्या तुकडीतील प्रत्येकाचे कपडे, आरोग्य, रजा, शिक्षण, घरच्या अडचणी आणि तक्रारी पाहणे हे त्याचे कर्तव्य असते. युद्ध नसताना जहाजावरील दिवस धुण्या-पुसण्यात आणि त्याच त्या कवायतीत जातात, बंदरातील मुक्काम लांबतो, आणि लहान अन्यायही मोठे वाटू लागतात. अशा वेळी हा अधिकारी खलाशाला ओळखतो की नाही, यावर जहाजाचे स्वास्थ्य अवलंबून असते. परंतु ही पद्धत अधिकारी आणि खलाशी यांच्यातील विश्वासावर चालते, आणि येथे अधिकारी जवळजवळ सर्व ब्रिटिश व खलाशी सर्व हिंदी होते. १९२८ मध्ये अभियंता शाखेत डी. एन. मुखर्जी हे पहिले हिंदी अधिकारी झाले, त्यानंतरही ही संख्या फारच धिम्या गतीने वाढली. १९२७ मध्ये मुंबई बंदरात व्यापारी जहाजांवरील हिंदी अधिकारी तयार करण्यासाठी ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीतील रामदास कटारी पुढे १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. हिंदी तरुण ही जबाबदारी पेलतील की नाही, या शंकेचे उत्तर अशा रीतीने डफरिनने दिले होते, पण ते ऐकण्याची सत्ताधाऱ्यांची तयारी नव्हती.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा या नौदलात दोन हजारही माणसे नव्हती. १९४५ पर्यंत ती संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली. शांततेत कमी खर्चात ठेवलेल्या दलाची अशी दसपटीहून अधिक वाढ करायची म्हणजे शाळांचे जाळेच उभारणे आवश्यक होते. कराचीजवळ मनोरा येथे मुलांच्या शिक्षणासाठी ‘बहादूर’, तोफखान्यासाठी ‘हिमालय’ आणि रडारसाठी ‘चमक’ ही ठाणी झाली. मुंबईत संदेशवहनासाठी ‘तलवार’, वर्सोव्याला पाणबुडीविरोधी शिक्षणासाठी ‘मछलीमार’, ठाण्याजवळ कोलशेत येथे नव्या भरतीसाठी ‘अकबर’, जामनगरजवळ रोझी येथे पाणतीराच्या शिक्षणासाठी १९४२ मध्ये ‘वालसुरा’, आणि लोणावळ्याला यंत्रशाखेसाठी १९४५ मध्ये ‘शिवाजी’ अशी केंद्रे निघाली. जमिनीवरील अशा ठाण्यालाही नौदलात जहाजाप्रमाणेच नाव, ध्वज आणि शिस्त असते. भरतीचे क्षेत्रही बदलले. रत्नागिरीच्या किनाऱ्याबरोबर पंजाब, बंगाल, मद्रास आणि इतर प्रांतांतून शिकलेले तरुण येऊ लागले. त्यातील अनेकांनी त्यापूर्वी समुद्र पाहिलाही नव्हता, परंतु बिनतारी यंत्र किंवा रडारचा पडदा वाचण्यासाठी समुद्राच्या सरावापेक्षा शालेय शिक्षण अधिक उपयोगी होते. समुद्रावर वाढलेल्या माणसाकडून शाळेत घडलेल्या माणसाकडे झालेले हे स्थित्यंतर सहा वर्षांत पूर्ण झाले.

युद्ध संपताच दल कमी करण्याची वेळ आली, आणि या शिकलेल्या माणसाशी कसे वागायचे हे व्यवस्थेला ठाऊक नाही, हे उघड झाले. भरतीच्या वेळी चांगले वेतन, बढती आणि सेवेनंतर नोकरी यांची जी आश्वासने दिली गेली होती ती पाळली गेली नाहीत; ब्रिटिश खलाशांच्या तुलनेत वेतन कमी होते, अन्न निकृष्ट होते, आणि सेवामुक्तीचे काम रेंगाळत होते. ‘तलवार’मधील संदेशवाहक वृत्तपत्रे वाचणारे आणि जगभरातील संदेश रोज हाताळणारे होते. त्यांच्या प्रमुख अधिकाऱ्याने वापरलेल्या अपमानास्पद भाषेविरुद्ध त्यांनी नियमाप्रमाणे तक्रारी केल्या, पण त्यांची दाद वेळेवर लागली नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांनी अन्न आणि काम नाकारले. दोन दिवसांत संप मुंबईतील जहाजांवर आणि पुढे कराचीसह इतर बंदरांत पसरला, आणि सुमारे सत्तर-ऐंशी जहाजे, वीसएक किनारी ठाणी व वीस हजारांच्या आसपास खलाशी त्यात सामील झाले. नौदलाच्या कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला, गेटवेजवळ मुंबईच्या लोकांनी खलाशांसाठी अन्न आणून दिले, आणि शहरातील गिरणगाव व रस्त्यांवर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. राष्ट्रीय पुढाऱ्यांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला संप मागे घेण्यात आला.

न्यायमूर्ती सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगापुढे जी कारणे आली, त्यांत राजकीय जागृतीबरोबरच रोजच्या व्यवस्थापनातील त्रुटी ठळकपणे दिसतात : भरतीतील खोटी आश्वासने, वर्णभेद, घाईने नेमलेले व खलाशांची भाषा न जाणणारे अधिकारी, आणि वर पोहोचतच नसलेल्या तक्रारी. स्वातंत्र्यलढ्यातील एक पर्व म्हणून या उठावाचे महत्त्व मोठे आहेच, पण त्याचबरोबर नौदलाच्या शांतताकालीन व्यवस्थेच्या इतिहासातही तो निर्णायक आहे. सारंगाच्या टोळीतील निरक्षर खलाशी अपमान गिळून गावी परतला असता. ज्याला वाचायला, यंत्र चालवायला आणि संदेश पाठवायला शिकवले त्याने आपल्या हक्काचा हिशेब मागितला. माणसाला शिकवायचे आणि त्याला जुन्याच मजुरासारखे वागवायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे या घटनेने सिद्ध केले.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली आणि कराचीतील ‘बहादूर’, ‘हिमालय’ व ‘चमक’ ही तिन्ही ठाणी पाकिस्तानकडे गेली. म्हणजे मुलांच्या, तोफखान्याच्या आणि रडारच्या शाळा भारताला नव्याने उभाराव्या लागल्या. मुलांचे शिक्षण विशाखापट्टणमला गेले, अनेक शस्त्रशाखांच्या शाळा कोचीनला एकवटल्या, यंत्रशिक्षण लोणावळ्याच्या ‘शिवाजी’त वाढले, आणि १९५१ मध्ये मुंबईच्या कॅसल बॅरॅक्सला ‘आंग्रे’ हे नाव मिळाले. १९८० पासून ओडिशातील चिल्का सरोवराकाठचे ठाणे नव्या नाविकांच्या प्राथमिक शिक्षणाचे मुख्य केंद्र झाले. परीक्षेवर आधारलेली बढती, दीर्घ सेवा, निवृत्तिवेतन आणि तुकडीची काळजी वाहणारा अधिकारी ही चौकट मात्र कायम राहिली, आणि आता अधिकारी व नाविक एकाच देशाचे असल्यामुळे त्या चौकटीला तिचा खरा अर्थ प्राप्त झाला.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने या चौकटीतील सेवेच्या कालावधीचा प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे. तिच्यानुसार नाविक चार वर्षांसाठी दाखल होतो आणि तुकडीतील पंचवीस टक्क्यांपर्यंत माणसांना पुढील दीर्घ सेवेसाठी घेतले जाते. स्त्रियांना नाविक म्हणून प्रथमच प्रवेश मिळाला तो याच योजनेतून, आणि चिल्का येथून पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली. तरुण दल आणि निवृत्तिवेतनाचा आटोक्यातील भार हे अल्पकालीन सेवेचे लाभ, तर शिकवलेले कौशल्य लवकर सेवेबाहेर जाणे ही तिची जोखीम. हा ताळेबंद मुंबई बंदराला नवा नाही. जहाजावरील यंत्रे जितकी गुंतागुंतीची होत गेली तितका नाविकाला टिकवण्याचा काळ वाढवावा लागला, आणि जेव्हा जेव्हा त्याला काम संपताच परत पाठवण्याची व्यवस्था केली गेली, तेव्हा सेवेनंतरच्या त्याच्या जीवनाची हमी हाच कळीचा मुद्दा ठरला. बंदराच्या मिळकतीऐवजी निश्चित महसुलातून आरमाराचा निर्वाह करावा, असे सांगणारे अमात्य, दहा वर्षांचा करार आणि निवृत्तिवेतन आणणारा १८५३ चा कायदा, आणि भरतीच्या वेळी दिलेला शब्द न पाळल्याचे परिणाम दाखवणारा १९४६ चा उठाव या तिन्हींचा निष्कर्ष एकच आहे : शांततेत नाविकाला दिलेले शिक्षण आणि दिलेला शब्द या दोन्हींची किंमत राज्याने आधीच मोजली पाहिजे, कारण ती टाळली तर संकटाच्या वेळी ती अनेक पटींनी द्यावी लागते.